पासिंगपुरती गाडी

गाडीची पंधरा वर्षं भरत आली की आमच्या बेळगावात घराघरात एकच प्रश्न, "पासिंग होईल न्हवं?" म्हणजे आरटीओ गाडी तपासून नोंदणी पुढं वाढवून देईल न्हवं? मग आठवडाभर धावपळ. मेहुण्याच्या गाडीचे टायर उसने, कुणाची तरी स्टेपनी, मेडिकलातनं फर्स्ट एडची पेटी, काचेवरची काळी फिल्म नखानं ओरबाडून काढायची. गाडी आरटीओतून बाहेर पडली की संध्याकाळी टायर परत. पोरगी बघायला पाहुणे येणार म्हणून शेजारच्यांचा सोफा आणून ठेवावा, तसला प्रकार.

माझं मत सरळ आहे. या तयारीतलं निम्मं काम दरवर्षी मृगाच्या आधी व्हायला पाहिजे. उरलेलं निम्मं निव्वळ देखावा आहे, त्यावर पैसा घालवू नका.

यलो बोर्डच्या, म्हणजे भाड्याच्या, गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी एफसी, म्हणजे फिटनेसची तपासणी, करावी लागते. आपल्या व्हाइट बोर्डच्या घरगुती गाडीला मात्र नवी घेतल्यापासून 15 वर्षं कुणी हात लावून बघत नाही. पीयूसी, म्हणजे प्रदूषणाची तपासणी, असते, पण ती फक्त धूर बघते. ब्रेक लागतो का, खालचा पत्रा शिल्लक आहे का, हे कोण बघणार? पंधराव्या वर्षी एकदाच परीक्षा, पास झालो की पुढची पाच वर्षं पुन्हा निवांत. टॅक्सीवाल्याला आपण नावं ठेवतो, पण कागदावर बघितलं तर त्याची गाडी आपल्यापेक्षा जास्त वेळा तपासलेली असते.

आता खालच्या पत्र्याचं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात गाडी फिरवणाऱ्याला मी काय सांगणार! चार महिने पाऊस, तांबडी माती मडगार्डच्या आत जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत ओलीच राहते. वरनं गाडी चकाचक, दाराखालची पट्टी बोटानं दाबली तर आत जाते. उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला गाडी जॅकवर घेऊन हे दाखवलं होतं. "वरनं पॉलिश मारून काय करतासा? हितं बघा की," म्हणत त्यानं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं. चांगला पत्रा टण् वाजतो, सडलेला भद्द. पाऊस संपला की एकदा खालनं प्रेशरनं धुऊन घ्या आणि वाळल्यावर अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखणारा थर, मारा. पासिंगच्या आदल्या दिवशी मारलेलं काळं कोटिंग फक्त गंज झाकतं.

गंजाचा खरा फटका बसतो चेसिस नंबरला, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या नंबराला. तपासणीला नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतात आणि आरसीशी, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी, ताडून बघतात. काही गाड्यांत तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असतो, काहींत सीटखाली मॅटच्या आत. मॅटखाली पाणी मुरलं असेल तर 3 चा 8 दिसायला वेळ लागत नाही. रॉकेलात भिजवलेलं फडकं घ्या, जुन्या टूथब्रशनं हळू घासा, पुसून स्वतःच एक छाप घेऊन बघा. ग्राइंडर लावू नका, पॉलिश पेपर जोरात घासू नका. आणि नंबर पुसट झाला म्हणून कुणाकडून परस्पर ठोकून तर अजिबात घेऊ नका, नसती भानगड होईल. स्वच्छ झाला की वर ग्रीसचा पातळ हात द्यायचा.

टायरचं फार सांगत नाही. खाचेत जे छोटे उंचवटे असतात तिथपर्यंत रबर झिजलं की टायर संपला, कायद्यानं कारला किमान 1.6 मिलीमीटर खाच लागते. बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. खाच भरपूर आहे पण रबर दगडासारखं झालंय, असले टायर घेऊन लोक चोर्ला घाट उतरतात.

पीयूसीला मात्र थोडं डोकं लावा. गार इंजिन घेऊन गेलात तर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड जास्त येतो, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. हायवेला पंधरा-वीस किलोमीटर बऱ्यापैकी पळवून थेट मशीनवर न्या, रांगेत बंद करून ठेवू नका. डिझेलला आधी एअर फिल्टर बघा. गाडी बीएस-4 या प्रदूषण मानकाची असेल तर मशीनवरच्या आकड्यात धुराची मर्यादा 50, त्याआधीच्या डिझेलला 65. नापास झाल्यावर सेंटरवाल्याशी हुज्जत घालून काय होणार?

हेडलाइट पिवळे पडले असतील तर टूथपेस्ट लावून घासण्याचे व्हिडिओ बघू नका, पंधरा दिवसांत जैसे थे. बफिंग करून वरनं लॅकर मारून घ्या. आणि ते पांढरे बल्ब काढा बाबांनो. तवंदी घाटात समोरच्याला आंधळं करून तुम्हाला काय दिसतं ते मला अजून कळलेलं नाही.

कागदांत दोन गोष्टी हमखास अडतात. एक, सोसायटीचं कर्ज कधीच फिटलंय पण आरसीवर तिचं नाव तसंच आहे. सोसायटीकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि फॉर्म 35 घेऊन तो बोजा उतरवून टाका. दुसरी, जुन्या ओम्नीला बसवलेला गॅस किट, ज्याची आरसीवर नोंदच नाही. तपासणीपुरता किट काढून नंतर परत बसवणारे बहाद्दर आमच्या गल्लीतच आहेत, आणि शाळेची पोरं त्याच गाडीत बसतात.

फीबद्दल लोक चिडतात ते खरंच आहे. कारची नोंदणी पुढं वाढवायची 600 ची फी एप्रिल 2022 पासून 5000 झाली, आणि 20 वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 10,000. मुदत उलटली की कारला महिन्याला 500 वेगळे. महिन्यातनं चार वेळा शेतावर आणि दोन वेळा दवाखान्याला जाणाऱ्या गाडीला हे जड आहे, मला पटत नाही. त्यात फलक, अर्ज कन्नड नाहीतर इंग्रजीत. उचगाव, येळ्ळूरकडचा सत्तरीचा मामा एजंट गाठेल नाहीतर काय करेल? त्याला मी दोष देणार नाही. पण एजंट कागद फिरवतो, गाडीखाली वाकून कोण बघत नाही. ते आपल्यालाच करायला लागतं.

अर्ज मुदत संपण्याआधी 60 दिवसांपासून करता येतो. ज्यांची आरसी ऑगस्ट-सप्टेंबरात संपते त्यांची तपासणी ऐन पावसात येणार, आणि त्या दिवसांत ओल्या पत्र्यावर वेल्डिंग करायला चांगला मिस्त्री तयार होत नाही. म्हणून पत्र्याचं काम आत्ता मे महिन्यातच उरकून घ्या. बाकीचं मागनं बघू की.