पुलगावचे फायरमन

१४ एप्रिलला आमच्या गावात बाबासाहेबांची जयंती. सकाळी ध्वजवंदन, संध्याकाळी मिरवणूक, सारं गाव रस्त्यावर. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही असतो, हे इकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं भरलेली. आग विझवणारे ६६ जवान स्फोटात गेले.

कापूस आणि दारूगोळा, दोन्ही आमच्या वर्धा जिल्ह्याच्या ओळखीचे.

३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातल्या एका शेडला आग लागली आणि स्फोट सुरू झाले. घरावरचे टिनं थरथरत होते. आगरगाव, नागझरीकडचे लोक लेकरंबाळं, म्हातारेकोतारे घेऊन मिळेल त्या गाडीनं बाहेर पडले. आम्ही सारे आगीपासून दूर पळत होतो, तेव्हा काही माणसं तिच्याकडे चालली होती. ती परत आली नाहीत. दोन लष्करी अधिकारी गेले, आणि बाकीच्यांत बहुतेक भांडाराच्या अग्निशमन दलातले. आग त्या एका शेडपुरती राहिली. शेजारच्या शेडांना लागली असती तर आज आमच्या गावांचं काय उरलं असतं, हा विचार अजूनही मला झोपू देत नाही.

त्यांतल्या एकाला मी ओळखत होतो. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव लिहिणं बरोबर वाटत नाही. एका उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या कुटाराच्या ढिगाला आग लागली. आम्ही बादल्यांवर बादल्या ओतत होतो. रस्त्यानं जाणारा हा माणूस गाडी टाकून धावत आला. "वरून पाणी नका मारू भाऊ, आग अंदर हाये. ढीग मोकळा करा पहिले." स्वतः फावडं घेऊन त्यानं ढीग फोडला, आतला धगधगता भाग ओढून वेगळा केला, मग पाणी मारायला लावलं. वारा कुठून येतो ते बघून आमच्या पोरांना एका बाजूला उभं केलं. गोठा वाचला, बैलं वाचली. हाताला चटके बसले होते, पण तो चहा घेऊन निघून गेला, ड्यूटीची वेळ झाली म्हणून.

एवढं काम समजणारा माणूस दारूगोळ्याच्या शेडकडे जाताना पुढे काय होऊ शकतं हे न कळता गेला, असं मी कधीच मानणार नाही. त्याला कळत होतं. तरी गेला.

म्हणून मला राग येतो. सीमेवर जवान गेला की गावोगावी कमान उभी राहते, चौकाला नाव मिळतं. ते व्हायलाच पाहिजे. पण भांडारातले हे फायरमन नोकरीनं नागरी कर्मचारी, सैनिक नाहीत, म्हणून त्यांची आठवण घरच्या भिंतीवरच्या फोटोपुरती राहावी? आमच्या शाळेतल्या एकाही पोराला ३१ मे म्हणजे काय ते सांगता येत नाही. ज्या गावांसाठी ते गेले त्या गावांनीच त्यांची नावं लिहून ठेवली पाहिजेत. सरकार करेल तेव्हा करेल.

१ मेच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे: सगळ्यांच्या घरच्यांना विचारून, ग्रामपंचायतीच्या दर्शनी भागात नावांचा फलक. भांडाराच्या आजूबाजूच्या गावांतले जे कोणी हे वाचत असाल, त्यांनी आपापल्या ग्रामसभेत हाच ठराव मांडा. कोणाच्या घरातला माणूस त्या रात्री गेला असेल, तर मला इनबॉक्समध्ये सांगा. मी स्वतः घरी येऊन विचारीन.