डेटाबेस सर्व्हर कोणी आणला?

मुंबईतील लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती 12 वरून 13 वर जाताना केडीई प्रकल्पाचा प्लाझ्मा डेस्कटॉप (पडद्यावरच्या खिडक्या, मेनू वगैरे) मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर आणि जुन्या लायब्रऱ्या (प्रोग्रामना लागणारे सामायिक भाग) संगणकात घुसवतो, त्या काढायला गेल्यास डेस्कटॉपच उडतो, म्हणून एखाद्या प्रोग्रामसोबत शिफारस म्हणून आपोआप येणारी पॅकेजे (बसवण्याजोगे सॉफ्टवेअरचे संच) कायमची बंद करावीत, असे त्यात म्हटले आहे. परळच्या एका अभ्यासिकेतील जुने संगणक मी सांभाळतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या 120 जीबीच्या डिस्कवर नको ती पॅकेजे मलाही खुपतात, पण या संदेशातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम डेटाबेसचे पाहू. प्लाझ्माला स्वतः डेटाबेस सर्व्हर लागत नाही. तो लागतो अकोनाडीला, म्हणजे केडीईच्या केमेल आणि केऑर्गनायझर या प्रोग्रामांच्या मागे मेल, संपर्क व दिनदर्शिका सांभाळणाऱ्या सेवेला, आणि डेबियन 12 मध्ये 'केडीई-स्टँडर्ड' हे पॅकेज घेतलेल्या संगणकावर तो अपग्रेडच्या आधीपासूनच असतो. शिवाय डेबियनमध्ये मायएसक्यूएलच्या जागी त्यातूनच निघालेला मारियाडीबी येतो, तोही फक्त सर्व्हरचा गाभा. संगणकासोबत सुरू होणारी सेवा त्यात नसते. अकोनाडी चालू झाल्यावर हा सर्व्हर वापरकर्त्याच्या नावाने चालतो. ज्यांना मेल ब्राउझरमध्येच वाचायचा आहे, त्यांना यातले काहीच नको, हे मान्य. त्यांनी 'केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप' घ्यावा.

जुन्या लायब्रऱ्यांचे कारण साधे आहे. डेबियन 13 मधला, फेब्रुवारी 2024 मध्ये आलेला प्लाझ्मा 6 हा क्यूटी (खिडक्या-बटणे रंगवणारी लायब्ररी) च्या आवृत्ती 6 वर उभा आहे, पण क्यूटी 5 वरचे प्रोग्राम अजून वापरात असल्याने दोन्ही शेजारी नांदतात.

डेस्कटॉप उडण्याची भीती मात्र निव्वळ गैरसमजातून आली आहे, आणि ती सर्वांत घातक आहे. केमेल काढताना 'केडीई-स्टँडर्ड' काढले जाईल, अशी सूचना दिसते आणि माणूस घाबरून मागे फिरतो. वास्तविक ते मेटापॅकेज आहे, म्हणजे इतर पॅकेजांची केवळ यादी. यादी फाडल्याने वाणसामान नाहीसे होत नाही. धोका पुढच्या पायरीवर असतो: 'ऑटोरिमूव्ह'ची, म्हणजे आता कोणालाच न लागणाऱ्या पॅकेजांच्या सफाईची, यादी न वाचता होकार दिल्यास, मेटापॅकेजच्या आधारावर टिकलेली पॅकेजेही जाऊ शकतात. म्हणून आधी 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' ही आज्ञा वापरून प्लाझ्मा-डेस्कटॉप आपण स्वतः मागितल्याची नोंद करावी. एखादे पॅकेज का आले हे 'ॲपटिट्यूड व्हाय' सांगते, आणि काढण्यापूर्वी पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या 'ॲप्ट' आज्ञेला सिम्युलेटचा पर्याय जोडला, तर काहीही न बदलता परिणाम दिसतो. अभ्यासिकेत मी हीच सवय लावून घेतली आहे, अर्थात एकदा फटका बसल्यानंतर.

राहिला कायमच्या बंदीचा उपाय. डेबियनच्या धोरणानुसार 'डिपेंड्स' म्हणजे ज्याच्यावाचून पॅकेज चालणार नाही ते, 'रेकमेंड्स' (संदेशातील शिफारस केलेली पॅकेजे) म्हणजे अपवादात्मक बसवणी सोडल्यास सोबत असायलाच हवे ते आणि 'सजेस्ट्स' म्हणजे हवे असल्यास घ्यावे ते. लॉगिनचा पडदा दाखवणारे एसडीडीएम प्लाझ्माच्या मेटापॅकेजमध्ये मधल्या गटात आहे. सरसकट बंदी घालून नव्याने बसवणी केली, तर विद्यार्थ्यांपुढे काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर येण्याची शक्यता आहे. एखाद्याच आज्ञेपुरता 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय देता येतो, आणि तोही काय गाळले जात आहे ते वाचूनच द्यावा.