स्वतःच्याच मज्जेचं इंजेक्शन : नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

राम राम नाना,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. यावल तालुक्यातल्या तुमच्या 34 वर्षांच्या भाच्याला कोविडमध्ये स्टेरॉइड दिलं होतं. आता त्याच्या उजव्या खुब्याचा गोळा एक्स-रेत चपटा झालेला दिसतो (रक्त न पोचल्यानं आतलं हाड मरतं आणि गोळा खचतो), आणि मोठ्या शहरातलं एक केंद्र स्टेम सेलचं, म्हणजे त्याच्याच हाडातल्या मज्जेतून काढलेल्या मूळ पेशींचं, इंजेक्शन देऊन तो बरा करतो म्हणतंय. अशा केंद्रांपासून जपून राहा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, 'स्वतःच्याच मज्जेतल्या पेशी, त्यात अपाय कसला? फ्रान्समध्ये तीस वर्षं हेच चाललंय. तुम्ही सांधे बदलणारे डॉक्टर, धंदा बसेल म्हणून विरोध करता.' कोविडमध्ये दिलेल्या स्टेरॉइडवरही तुम्ही राग काढलाय.

धंद्याचं आधी. हो, मी सांधे बदलतो आणि त्याचे पैसेही घेतो. पण 34 वर्षांच्या पोराचा सांधा बदलायला कुठल्याच सर्जनचा हात सहज पुढे होत नाही, कारण तो जन्मभर पुरेल याची हमी देता येत नाही. गोळा वाचत असेल तर वाचवावा, यात आपलं भांडणच नाही.

आता फ्रान्स. ते काम पॅरिसजवळच्या क्रेतेयचे हाडांचे सर्जन फिलिप एर्निगू यांचं, आणि ते खरं आहे. फक्त पूर्ण वाचा. 2002 साली त्यांनी 189 खुब्यांचा हिशेब मांडला. गोळा खचायच्या आधी मज्जा सोडलेले खुबे 145. त्यांतल्या 9 मध्ये पुढे सांधा बदलावा लागला. खचल्यावर केलेले 44. त्यांतले 25 बदलावे लागले. तोच सर्जन, तीच पद्धत! 2018 मध्ये त्यांनी स्टेरॉइडमुळे दोन्ही खुबे बिघडलेल्या 125 रुग्णांचे निकाल दिले. एका बाजूला नुसतं ड्रिल करून हाडातला दाब उतरवला होता, दुसऱ्या बाजूला मज्जाही सोडली होती. सरासरी 25 वर्षांनी नुसत्या ड्रिलच्या बाजूचे 72 टक्के गोळे खचले होते, मज्जेच्या बाजूचे 28 टक्के. या आकड्यांची भुरळ मलाही पडते. त्याच वर्षी बेल्जियममधल्या डॉक्टरांनी खचलेल्या गोळ्यांवरचे निकाल छापले. तिथे मज्जेचा वेगळा फायदा दिसला नाही.

पेशी नवं हाड घालतील, पण बसलेलं धाबं (घराचं मातीचं छप्पर) उचलून धरणार नाहीत. भाच्याच्या उजव्या खुब्याचं धाबं बसलंय.

'स्वतःच्याच पेशी' हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि स्टेरॉइडच्या रुग्णात नेमका तोच लंगडा पडतो. मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड मज्जेतल्या मूळ पेशींना हाडाऐवजी चरबी बनवण्याकडे वळवतं. चरबी फुगली की गोळ्याच्या आतल्या बंदिस्त जागेत दाब वाढतो आणि रक्त फिरेनासं होतं. नुकसान खुब्यापुरतंही राहत नाही. अशा रुग्णांच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेतही या पेशी कमी असतात, हे एर्निगूंनीच 1997 मध्ये दाखवलं. म्हणून मज्जा भरपूर काढायची, सेंट्रिफ्यूजमध्ये घट्ट करायची आणि पेशी मोजायच्या. ज्यांच्या खुब्यात जास्त पेशी गेल्या त्यांचं जास्त भलं झालं, हे 2002 च्या कामातही आहे. त्या केंद्राच्या कागदावर अशी मोजणी कुठे लिहिलीय का, विचारा.

आणि 'इंजेक्शन' कुठे देणार तेही विचारा. मेलेलं हाड गोळ्याच्या पोटात असतं. तिथवर जायला भूल, ऑपरेशन थिएटर आणि सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) ड्रिल लागतं. ओपीडीत सांध्याच्या पोकळीत सुई टोचणं म्हणजे फ्रान्समधला उपचार नव्हे, मग जाहिरातीत नाव कुणाचंही असो.

कायद्याचं एका ओळीत: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जा-प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचे, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

स्टेरॉइडवर तुम्ही काढलेला राग मला पटत नाही. ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस; त्यानं जीव वाचले, हे 2020 मध्येच सिद्ध झालं. तेवढा डोस म्हणजे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या हिशेबात एकूण सुमारे 400 मिलिग्रॅम. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून 2021 मध्ये कोविडनंतर खुबे बिघडलेले जे तीन रुग्ण नोंदवले गेले, त्यांचा सरासरी डोस त्याच हिशेबात 758 मिलिग्रॅम होता. चिंता मला आठवडी बाजारात सांधेदुखीवर मिळणाऱ्या पुड्यांची जास्त वाटते. त्यांत काय आणि किती मिसळलंय, कोण मोजतं? (दमा, किडनी वगैरेसाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड हे वाचून कुणी एकदम बंद करू नका, त्यानं जिवावर बेतू शकतं.)

तरी अपाय कसला, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच. तुम्ही शेवटी ओघात लिहिलंय, 'आता डावा गुडघाही दुखतो, सगळा भार त्याच पायावर येतो ना.' नाना, खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं तसं गुडघ्यातही जाणवतं. लोक गुडघ्याचा एक्स-रे काढतात, तो चांगला येतो आणि महिने जातात. स्टेरॉइडनं बिघडतात ते पुष्कळदा दोन्ही खुबे, आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. अपाय तो हाच: उजव्याच्या इंजेक्शनामागे लागून डावा वाचवायची वेळ निघून जाते. तेव्हा उजव्यासाठी पैसे भरण्याआधी दोन्ही खुब्यांचा एमआरआय याच आठवड्यात जळगावला करून घ्या. मांडी घालून बसणं आणि केळीचे घड वाहणं तोवर बंद. डाव्या गोळ्यात बिघाड निघाला आणि तो अजून गोल असला, तर त्या बाजूसाठी मज्जेच्या पेशींचा विषय मी स्वतःच काढीन.