मनःशांती, पाच ग्रॅम

डॉक्टर म्हणाले बीपी बॉर्डरवर आहे, एवढ्यात गोळी नको, पण एखादा छंद लावून घ्या, शांत बसून करायचा असा. आता ठाण्यात पाचपाखाडीत, रस्त्याकडेच्या बिल्डिंगमधे, समोर मेट्रोचं काम आणि खाली क्लासच्या पोरांच्या स्कुट्या असताना शांत बसून नेमकं काय करायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही, फी मात्र आठशे घेतली.

छंद शोधायला लागले नाही, तो आपणहून चालत आला. ऐरोलीला आमच्या ऑफिसातला एक मुलगा कामानिमित्त चीनला जाऊन आला आणि त्याने टीममधल्या सगळ्यांना काही ना काही आणलं, मला पत्र्याचा एक डबा मिळाला. आत हिरवी चपटी पानं, तमालपत्राची बाळं असावीत तशी. लोंगजिंग म्हणे, हांगझोऊचा चहा. मी घरी आले आणि माहेरी-सासरी मिळून चाळीस वर्षं जसा चहा होत आलाय तसाच केला, पातेल्यात दोन कप पाणी, दोन चमचे पत्ती, खळाखळा उकळी, वर झाकण आणि पाच मिनिटं मुरू दिला. नवऱ्याने एक घोट घेतला आणि अगदी काळजीने विचारलं, "कोणाला कावीळ झालीये का?"

मग रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघितले. तेव्हा कळलं की ह्या पानांना उकळतं पाणी घालायचंच नसतं, ऐंशी डिग्रीच्या आसपास बास, नाहीतर आधी सगळा कडवटपणा बाहेर येतो आणि गोडवा राहतो बाजूला. आता घरात थर्मामीटर आहे तो तापाचा, तो बेचाळीसच्या पुढे जात नाही. पण लू यू नावाचा एक चिनी माणूस आठव्या शतकातच ह्या सगळ्यावर ग्रंथ लिहून बसलाय, त्याच्याकडे थर्मामीटर कुठला, तो बुडबुडे बघायचा. माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले की पहिली पायरी. मी ओट्याशी वाकून पातेल्यात माशाचे डोळे शोधतेय आणि मागे सासूबाई उभ्या, "पाण्यात काय पडलं?" म्हणाल्या. मी म्हटलं काही नाही, मासे बघतेय. गुरुवार होता. पुढचं लिहीत नाही.

ह्याच लू यूने अजून एक गोष्ट लिहून ठेवलीये, ती मी आमच्या घरात कधीच कोणाला सांगणार नाही. त्या काळी लोक चहात आलं, कांद्याची पात, संत्र्याची साल, पुदिना असं काय काय घालून उकळायचे आणि हा गृहस्थ म्हणतो की असला चहा म्हणजे गटारात ओतायचं पाणी. आल्याचा चहा! गावदेवी मार्केटात उभं राहून हे वाक्य मोठ्याने म्हणा आणि धडधाकट घरी परत येऊन दाखवा. (स्वतः मात्र पाण्यात मीठ घालायचा. लोकांना नावं ठेवणाऱ्यांचं हे असंच असतं.)

तर लागला छंद. पगार झाला की थोडं थोडं मागवायला लागले. सगळा चहा एकाच झाडाचा असतो हे मला चाळीसाव्या वर्षी कळलं. हिरवा, पांढरा, काळा, ऊलाँग, झाड तेच, खुडल्यावर पानांचं काय करतात त्यावर सगळं. आपला रोजचा असतो सीटीसी, म्हणजे दातेरी रोलरमधे चिरडून, फाडून, गोळ्या वळलेला, म्हणून तो एका उकळीत सगळा रंग, सगळा कडकपणा देऊन टाकतो आणि वर दूध सहन करतो. चिनी पान अख्खं असतं, ते हळूहळू उलगडतं. चीनच्या फुजियान प्रांतातल्या अनशीचा तिएगुआनयीन म्हणजे तर वाटाण्याएवढ्या गोळ्या असतात, गरम पाणी पडलं की एकेक गोळी अंग मोडत उठते आणि शेवटी देठासकट अख्खं पान होतं. हे बघताना खरंच बीपी उतरतं. पाच मिनिटं कोणी हाक मारली नाही तर.

इथेच तर सगळं अडतं. ह्या चहाची रीत अशी की शंभर एक मिलीच्या झाकणाच्या वाटीत, तिला गायवान म्हणतात, पाच ग्रॅम पानं घालायची, पाणी ओतायचं, दहा सेकंद थांबायचं आणि लगेच छोट्या कपात गाळून प्यायचं. मग त्याच पानांवर परत पाणी, पंधरा सेकंद. परत पाणी. असे सात-आठ राउंड सहज होतात आणि प्रत्येकाची चव वेगळी. म्हणजे सगळा खेळ सेकंदांचा. आणि आमच्या घरात सलग दहा सेकंद कोणी मला एकटं सोडलं असेल तर ते बाळंतपणात, ते पण भूल दिली होती तेव्हा.

मागच्या रविवारची गोष्ट सांगते. दुपारचे चार. पाणी ओतलं, एक, दोन, तीन, सहाला बेल. इस्त्रीवाला. सतरा कपडे दिले होते, सोळा आले, पिवळा परकर कुठेय ह्यावर चर्चा, तो म्हणे दिलाच नव्हता, मी म्हणे वहीत लिहिलंय, वही शोधली, वहीत सतराच पण त्यात परकर नव्हताच, पडद्याचं कापड होतं. परत आले तर दहा सेकंदांची चार मिनिटं झालेली. ओतून दिला. दुसरा राउंड, नणंदेचा फोन, डोंबिवलीहून, "काही नाही गं, सहज." सहज म्हणून आलेला फोन वीस मिनिटांच्या आत कधी संपलाय? तिसऱ्याला मुलगा, दहावी, "आई, लेन्स समोर वस्तू टू एफ वन वर ठेवली तर..." मी म्हटलं बाबांना विचार, तो म्हणाला बाबांनीच पाठवलंय. चौथ्याला कोणीच आलं नाही तर मी स्वतःच घाबरून बाहेर जाऊन बघून आले, सगळे ठीक आहेत ना.

दार लावून बसायचं पण करून बघितलं. पहिल्या दिवशी सासूबाईंना वाटलं आमचं भांडण झालंय, त्यांनी बाहेर स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, झापलं. दुसऱ्या दिवशी मुलगा आत आला आणि त्याने एकूण सीन बघितला, म्हणजे बंद खोली, झिपच्या छोट्या पुड्या, त्यात सुकी पानं, दशांश ग्रॅममधे मोजणारा डिजिटल काटा आणि मी पानं नाकाशी धरून डोळे मिटलेली. दार हळूच ओढून घेत म्हणाला, "आई, माझ्या फ्रेंड्ससमोर हे करू नकोस."

भांड्यांचे हाल वेगळेच. यीशिंगच्या जांभळट मातीची एक छोटीशी किटली घेतली होती, तिला साबण लावायचा नसतो, माती चहाचा वास धरते आणि वापरून वापरून मुरत जाते. मावशींना तीनदा सांगितलं होतं. चौथ्या दिवशी आले तर किटली तारेच्या घासणीने लखलखीत करून पालथी घातलेली, "किती राप बसला होता ताई!" आता तिच्यात कुठलाही चहा केला तरी भांडी घासायच्या लिक्विडच्या लिंबाचा वास येतो, त्यामुळे सध्या तिच्यात पेनं ठेवलीयेत.

आणि गायवान. एका शनिवारी मी खण उघडला, गायवान नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी फ्रिज उघडला तर वरच्या कप्प्यात बशीसकट, झाकणासकट विराजमान. झाकण उचललं, आत दही. सुरीने काप पडेल असं घट्ट, वर सायीची सुरकुती. "विरजण ठेवायला नेमकी वाटी गं, झाकण बसतं बघ कसं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक होतं की मला काही बोलताच येईना. खरं सांगू का, एवढं चांगलं दही आमच्याकडे कधीच लागलं नव्हतं. आता दोन गायवान आहेत, एक माझं, एक विरजणाचं, आणि विरजणाचं जास्त वापरात आहे.

सासूबाईंचा ह्या छंदाला विरोध होता असं मात्र मी म्हणणार नाही, त्यांना तो कळायचा त्यांच्या पद्धतीने. युन्नानचा पुएर मागवला तेव्हा पार्सल त्यांनीच घेतलं, उघडलं पण त्यांनीच. पुएर दाबून चकतीसारखा करतात, एक चकती तीनशे सत्तावन्न ग्रॅमची, भाकरीएवढी, काळपट तपकिरी, वर काड्या दिसतात. मला ऑफिसात फोन. "अगं, तुझी गोवरी आलीये. एकच पाठवली त्यांनी. आणि होळीला अजून अवकाश आहे." मी सांगितलं आई तो चहा आहे. पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात, "कितीला?" मी किंमत निम्मी करून सांगितली तरी त्या म्हणाल्या, "एवढ्यात आमच्या गावाकडे म्हैस राखली असती वर्षभर."

एकाच पानांचा सात वेळा चहा हे तर त्यांना फारच लागलं. त्यांच्या माहेरी, कराडच्या बाजूला, चोथ्यावर परत पाणी घालून चहा करणं म्हणजे अब्रूचा प्रश्न, नको असलेल्या पाहुण्याला पण कोणी तसा देत नाही. "म्हणजे हजार रुपयाची पत्ती आणायची आणि चोथा प्यायचा," त्यांनी एका वाक्यात गुंडाळलं सगळं. मी त्यांना खूश करायला सांगितलं की आई, चिनी भाषेत चहाला छा म्हणतात, तुमच्या गावाकडे च्या म्हणतात ना, तो शब्द तिकडचाच, टी म्हणणारे युरोपवाले त्यांचा शब्द फुजियानच्या बंदरांवरून उचलून घेऊन गेले, तिकडची बोली वेगळी. "मग आम्ही बरोबर म्हणत होतो," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून नवऱ्याने चहा मागितला की त्याला सुधारतात.

एक चहा मात्र त्यांनी मागून घेतला. वुयी डोंगरातला, पाईनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला, डबा उघडला की थेट चुलीचा वास येतो. नवरा म्हणाला काहीतरी जळतंय. सासूबाई लांबून आल्या, डबा नाकाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. "ओल्या लाकडावर केलेला च्या असाच लागायचा," म्हणाल्या. अर्धा कप प्यायल्या. मग म्हणाल्या, "धूर टाळायला जन्म गेला आमचा, तुम्ही विकत घ्या," आणि कप धुवून ठेवून दिला.

तर आषाढी एकादशी. मी रजा टाकलेली. नवरा ऑफिसला, मुलगा क्लासला आणि मग मित्राकडे, सासूबाई भजनी मंडळाबरोबर, संध्याकाळी सातपर्यंत कोणी नाही. फोन बंद केला. बेलचा स्विच बंद केला! बाहेर पाऊस, मेट्रोचं काम पण थांबलेलं. पुएरचा तुकडा सुरीने सोडवला, आधी एकदा पाणी घालून ओतून दिलं, ती पानं धुवायची पद्धत असते, आणि बसले. पहिला राउंड, पावसाळ्यात माळा उघडल्यावर येतो तसा वास. तिसऱ्याला गोड. सहाव्याला लाकूड, ओली माती, असं काहीतरी. दूध नाही, साखर नाही, आणि चहा काय उपासाला चालतोच, म्हणून खिचडी पण केली नाही, कोण उठणार. अकरा राउंड झाले. मग वाटलं अजून एक तुकडा काढू. सातपर्यंत मी रिकाम्या पोटी अंदाजे दोन लिटर चहा प्यायले होते आणि मला जगातल्या सगळ्यांबद्दल, इस्त्रीवाल्याबद्दल सुद्धा, अपार माया वाटत होती.

चिनी भाषेत ह्याला शब्द आहे, छा-झुई, चहा चढणं. मला तो रात्री एक वाजता सापडला, छातीत धडधड का होतेय ते शोधताना. हात कापत होते. नवरा घोरत होता. दीड वाजता मी मसाल्याचे डबे पुसले. दोनला कपाट लावलं. तीनला स्टूल घेऊन माळ्यावर चढले, जुने पेपर, फुटका कुकर, मुलाची पहिलीची वॉटरबॅग, सगळं खाली काढलं. पिवळा परकर सापडला.

चार वाजता स्वयंपाकघरात लाईट लागला. मी स्टुलावरून डोकावले. सासूबाई. अंधारात हात घालून त्यांनी बरोब्बर तेच छोटं पातेलं काढलं, लायटरची टकटक, आलं किसलं नाही, ठेचलं, झाकण अर्धवट ठेवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. काहीच करत नव्हत्या. चहा वर आला तेव्हा न बघता गॅस बारीक केला. स्टीलच्या पेल्यात गाळला, खुर्ची खिडकीकडे वळवली, पदराने पेला धरला, आणि तेवढ्यात माझ्या हातून कुकरचं झाकण सुटलं.

त्यांनी मान वळवली. मी कितीतरी वेळा दारावरची बेल वाजल्यावर जसं बघत असेन, अगदी तसं बघितलं.

"तू कशाला उठलीस?"

"झोप नाही आली आई. तुम्ही रोज एवढ्या लवकर..."

"पाचला तुम्ही सगळे उठता," त्या म्हणाल्या. पेला खाली ठेवला नाही, मला पण टाकू का असं विचारलं नाही. "जा, पड जा जरा. आणि तो लाईट घालव."

मी लाईट घालवला आणि आत जाऊन पडले.