चार मतांची मतदार

लोकसभेला मत देणं फार सोपं असतं. पंतप्रधान कोण असावा यावर आमच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत प्रत्येकाचं मत ठरलेलं असतं. आत जायचं, बटण दाबायचं, बाहेर येऊन बोट दाखवत फोटो काढायचा. खरा घाम फुटतो तो घरासमोरच्या ड्रेनेजसाठी मत देताना.

पुण्यात तो फुटायला मध्ये बराच काळ गेला म्हणा. महापालिकेची मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, पुन्हा तारीख. आणि कारभार प्रशासकांकडे. शेवटी १५ जानेवारी २०२६ उजाडला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ज्या मुलीने यंदा पहिलं मत दिलं, ती मागच्या वेळी प्राथमिक शाळेत होती आणि आईच्या बोटाची शाई बघून 'मला पण लाव' म्हणून रडली होती.

त्यात मत एक नाही, चार. २००७ ला आमच्या वॉर्डात एकच नगरसेवक होता. २०१२ ला प्रभागात दोन झाले, २०१७ ला चार. या हिशेबाने यंदा आठच यायचे, पण गाडी चारावर थांबली. मध्ये तीनाचंही घाटत होतं, ते बारगळलं. एका प्रभागात पाच आहेत, तिथल्या मतदारांना माझा साष्टांग नमस्कार. मला घरात चार माणसांसाठी एक भाजी ठरवता येत नाही आणि इथे अ, ब, क, ड अशा चार गटांतून चार माणसं निवडायची!

संक्रांत १४ तारखेला आणि जाहीर प्रचार १३ ला बंद, त्यामुळे आमच्याकडे हळदीकुंकवं संक्रांतीच्या आधीच उरकली गेली. पंचांगाने आक्षेप घेतला नाही. वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला. झाकणावर स्टिकर, स्टिकरवर हात जोडलेले चौघं. डबा चांगला आहे, तूरडाळ बरोबर मावते. स्टिकर मात्र गरम पाणी, खोबरेल, काथ्या, कशालाही दाद देत नाही. रोज वरणाला डाळ काढताना चौघांचं दर्शन घ्यावं लागतं.

मग मतदार यादी. महापालिकेची स्वतःची वेगळी यादी नसते. विधानसभेची यादी घ्यायची, यंदाची १ जुलै २०२५ ची, आणि ती प्रभागांत फोडायची. या फोडाफोडीत मी आणि सासूबाई एका शाळेत गेलो आणि नवरा रस्त्यापलीकडच्या शाळेत. वर त्याच्या नावापुढे दोन तारे! हे तारे म्हणजे संभाव्य दुबार मतदार. नाव-आडनाव तेच असलेला कोणी दुसरीकडे सापडला की दोघांनाही तारे लागतात. नवऱ्याला आधी वाटलं, ज्येष्ठ मतदार म्हणून काही मानमरातब असेल. दोन स्टार म्हणजे फौजदार झाला की हा, म्हणत सासूबाईही खूश. केंद्रावर गेल्यावर फौजदाराला ओळखपत्र दाखवून, 'मी दुसरीकडे कुठेही मतदान केलेलं नाही' असं लिहून द्यावं लागलं.

बंगळुरूहून भाच्याचा फोन. "मावशी, मला पोस्टाने नाही का पाठवता येणार मत?" नाही रे बाबा. टपाली मत इथे निवडणुकीच्या ड्यूटीवर असलेल्यांसाठी. तुला मत द्यायचं तर ड्यूटी लावून घे, नाहीतर रात्रीची बस पकड. त्याने लॉन्ग वीकेंडचा हिशेब केला आणि गोकर्णची बस पकडली.

सासूबाईंचं वय ८८. २०२४ च्या लोकसभेला ८५ च्या वरच्यांसाठी घरून मतदानाची सोय होती, तेव्हा अधिकारी, पोलीस, पुठ्ठ्याचा आडोसा असा सगळा लवाजमा आमच्या हॉलमध्ये आला होता. सासूबाईंनी त्यांना चहा पाजला. दिल्लीचं सरकार निवडायला माणसं दारात आली आणि गल्लीचं निवडायला सासूबाईंना दोन जिने उतरावे लागले, कारण महापालिकेला ती सोय नाही.

शाळेच्या अलीकडे पक्षांची टेबलं. प्रत्येक टेबलावरचा पोरगा "काकू, इकडे या, नाव सापडलं!" म्हणून ओढतो. चिठ्ठीच्या खालच्या अर्ध्या भागावर उमेदवारांचे फोटो. तो भाग फाडून ठेवायचा आणि वरचा आत न्यायचा. मोबाइल आत नाही. म्हणजे यादीतला क्रमांक ज्यांनी मोबाइलवर जपून ठेवला होता, ते सगळे पुन्हा त्या पोरांसमोर रांगेत.

आत सासूबाईंना पुढे घेतलं. नाव मोठ्याने वाचलं गेलं, सही झाली, बोटाला मार्करने शाई लागली. आडोशामागे यंत्रं मांडलेली: अ गटाचा कागद पांढरा, ब चा फिका गुलाबी, क चा पिवळा, ड चा निळा. सासूबाई आत गेल्या. एकेक नाव पुटपुटल्याचं ऐकू येत होतं. मग शांतता. बझर काही वाजेना.

"आजी, झालं का?"

"झालं की. तिघांना दिलं."

"चार द्यायची असतात, आजी. चौथं दाबल्याशिवाय बझर वाजत नाही."

"निळ्यातलं कोणी मला पसंत नाही."

मागे रांग चुळबुळायला लागली. "सुनेला पाठवा आत," सासूबाई म्हणाल्या. तसं पाठवता येत नाही, म्हणजे दिसत नसेल तर सोबती नेता येतो, पण दिसत नाही हे सासूबाई कबूल करतील तर ना! शेवटी केंद्राध्यक्ष उठून आडोशापासून चार हात लांब उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, निळ्या कागदावर सगळ्यात खाली बघा. 'वरीलपैकी कोणीही नाही' लिहिलंय. ते दाबा."

बराच वेळ काही नाही. मग आतून प्रश्न आला,

"हे चारही रंगांत आहे का?"

"हो, आजी."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

बझर वाजला. पोलिंग एजंट हसून हसून टेबलावर पालथा पडला. तो कोणत्या पक्षाचा होता कोण जाणे. त्याच्या पक्षाचं एक मत गेलं की वाचलं हे त्यालाही कळलं नसणार.

संध्याकाळी टीव्हीवर लोक बोटाची शाई पुसून दाखवत होते. निघते की नाही यावर चर्चा रंगली होती. माझं म्हणणं एवढंच, की त्या लोकांनी माझ्या डब्यावरचा स्टिकर काढून दाखवावा.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला, गुलाल उधळला, फटाके वाजले. पुढच्या आठवड्यात आमच्या गेटसमोरचं चेंबर तुंबलं. मी अ ला फोन केला. ते म्हणाले, तुमच्या बाजूचं ब बघतात. ब म्हणाल्या, ड्रेनेज क कडे वाटून दिलंय. क लग्नाला गेले होते. ड चा फोन त्यांच्या पुतण्याने उचलला, पत्ता लिहून घेतला आणि अदबीने विचारलं,

"काकू, तुम्ही मत दिलं होतं ना आपल्याला?"

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता.