स्टँडर्डवर शंका घ्या, पण कलम वाचून

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या सुरक्षिततेची आणि रेडिओ-गोंगाटाची स्टँडर्ड म्हणजे नुसते कागदी घोडे, असं म्हणणारे डिझाइन इंजिनिअर बरेच आहेत. लॅबने पास केलं की विषय संपला, असं मानणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. शंका घ्यायलाच हवी, फक्त ती एकेका कलमावर, सरसकट नाही.

ज्याच्याशी खेळू नये असं उदाहरण आधी घेतो. एसएमपीएसमध्ये, म्हणजे चार्जरमधल्या स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये, प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरी (आउटपुटची बाजू) यांच्यामध्ये वाय कपॅसिटर नावाचा सुरक्षा-दर्जाचा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर मेन्सचं व्होल्टेज थेट यूएसबी कनेक्टरच्या धातूवर येतं. म्हणून तिथे एक वाय१ किंवा सीरीजमध्ये दोन वाय२ (हे या कपॅसिटरचे दर्जे) लावतात. वाय१ला ८ किलोव्होल्टचा इम्पल्स (क्षणिक झटका) सोसावा लागतो, वाय२ला ५ किलोव्होल्टचा. २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला साधारण ०.१६ मिलिअँपिअर गळती होते. व्हॅल्यू वाढवली तर ईएमआय, म्हणजे उपकरणाचा इतरांना होणारा विद्युतचुंबकीय उपद्रव, कमी होतो, पण गळतीही वाढते. आता त्याच जागी १ किलोव्होल्टचा साधा सिरॅमिक कपॅसिटर लावून बघा. चार्जर चालतो, ईएमआय टेस्टही पास होते. खरेदी विभागाने ‘व्हॅल्यू तीच आहे’ म्हणून हा बदल केला तर हातातलं सर्टिफिकेट त्या मालाचं राहत नाही. हे कलम माझ्या मते एका अक्षरानेही सैल करू नये.

रेडिएटेड एमिशनची, म्हणजे उपकरणातून हवेत जाणाऱ्या रेडिओ लहरींची, लिमिट बऱ्याच जणांना जाचक वाटते. क्लास बीला (घरगुती वापराच्या उपकरणांना) ३ मीटरवर, ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये ती ४० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे. १ मीटर केबलमधून ५० मेगाहर्ट्झचा फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा) वाहिला तरी ती ओलांडली जाते. त्यामुळे क्लॉक चिपवर शील्डिंगचा धातूचा डबा बसवून फार फरक पडत नाही, कारण अँटेना केबल असते. केबलवरची शील्ड (धातूची जाळी) कनेक्टरपाशी चारही बाजूंनी चॅसिसला टेकवा, ती पिळून एका तारेसारखी (पिगटेल) जोडू नका. कॉमन मोड चोक (हा करंट अडवणारी कॉइल) कनेक्टरला खेटून ठेवा आणि सिग्नलखालचा ग्राउंड प्लेन कुठेही चिरू नका.

खरी शंका घ्यावी ती मोजण्याच्या पद्धतीवर. या लिमिट ठरवणाऱ्या सिस्पर या आंतरराष्ट्रीय समितीची सुरुवात १९३४ची, रेडिओ ऐकणाऱ्यांच्या तक्रारींतून झालेली. मोजणीच्या रिसीव्हरमधला क्वासी-पीक डिटेक्टर खरखर कानाला किती त्रास देते यावर बेतलेला आहे, आणि ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झमध्ये मोजणीची बँडविड्थ १२० किलोहर्ट्झ असते. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ०.५ टक्के स्प्रेड स्पेक्ट्रम दिलं, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी हलती ठेवली, की त्याच्या पाचव्या हार्मोनिकची (५०० मेगाहर्ट्झची) ऊर्जा २.५ मेगाहर्ट्झवर पसरते. रिसीव्हरवरचा आकडा कितीतरी डीबीने उतरतो, पण एकूण ऊर्जा तेवढीच राहते. २० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल घेणाऱ्या डिजिटल रिसीव्हरमध्ये ती सगळीच शिरते. म्हणजे टेस्ट पास होते आणि शेजारच्या रेडिओचा त्रास तसाच राहू शकतो. डिटेक्टर बदलायला हवा, असं मी या मुद्द्यावर ठामपणे म्हणेन.

शंका मांडायची तर आधी त्या आकड्यामागचं कारण शोधा. आयईसी ६२३६८-१ या ऑडिओ-व्हिडिओ आणि आयटी उपकरणांच्या सुरक्षा स्टँडर्डसोबत ६२३६८-२ नावाचा टेक्निकल रिपोर्ट आहे, त्यात कलमांमागची कारणं दिलेली आहेत. मग स्टँडर्डच्या नव्या आवृत्तीचा मसुदा राष्ट्रीय समितीकडे अभिप्रायासाठी आला की लिहा: कलम क्रमांक, बदलून हवं असलेलं वाक्य आणि तुमची मोजमापं, केबलची लांबी नि टेबलावरच्या मांडणीसह.