मायचे पॉइंट मायच्याच नावावर

विमानानं प्रवास केला की विमान कंपनी खात्यात पॉइंट जमा करते, ते साचले की त्यावर पुढचं तिकीट निघतं. विमानात जो बसला, पॉइंट त्याचे. तिकिटाचे पैसे कोणी भरले, मोबाईलवरून तिकीट कोणी काढलं, कोणाच्या ईमेलवर आलं, याला काही अर्थ नाही. एवढा तर जवळपास प्रत्येक विमान कंपनीचा नियमच आहे, त्यात वाद घालायला जागा नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे आणि ते गावाबाहेर गेलेल्या काही पोरांना झोंबणार.

यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडे, तुळजापूर-नागपूर हायवेला लागून माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, फार्मर आयडी ही रोजची कामं. विमानाची तिकिटंही काढून देतो. हसू नका. या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातली पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, काही दुबईत, काही अमेरिकेत आहेत. त्यांच्या घरी लेकरं झाली की इथून माय जाते. बापही जातो एखाद्या वेळी, पण पंधरा दिवसांत त्याला कंटाळा येतो आणि 'वावर पाहा लागते' म्हणून तो परतीचं तिकीट मागतो. माय मात्र जात-येत राहते. सुनेचं बाळंतपण, लेकीचं बाळंतपण, मग नातवाची शाळा सुरू होईपर्यंत कोणीतरी घरी पाहिजे म्हणून पुन्हा. अशा घरांत सगळ्यात जास्त विमानात कोण बसलं याचा हिशेब केला तर बहुतेक वेळा गुडघे दुखणारी, खिडकीऐवजी कडेची सीट मागणारी बाईच पहिली येते.

आणि तिच्या नावावर खातं नसतं. किंवा असतं, पण तिला माहीत नसतं.

तिकीट काढताना एक रकाना येतो, फ्रिक्वेंट फ्लायर नंबर, म्हणजे पॉइंटांच्या खात्याचा नंबर. लोक म्हणतात, 'भाऊ, पोराचा नंबर टाका, घरचं एकच खातं आहे.' टाकून काही होत नाही. खात्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही तर पॉइंट जमाच होत नाहीत. पोराचं आडनाव तेच, बापाचं मधलं नाव तेच, तरी नाही. पॉइंट कोणाच्याच खात्यात न पडता हवेत जातात. काही एजंट स्वतःचा नंबर टाकून पाहतात म्हणे, त्यांनाही काही मिळत नाही. खातं माणसाचं असतं, घराचं नसतं. एकाच लॉगिनवर चार जणांनी कारभार करणं हे तर कंपन्यांच्या नियमात बसतच नाही. कोणाला संशय आला, तपासणी लागली, तर खातं बंद आणि जमा झालेलं सगळं शून्य.

यावर भांडायला जाल तर तेही अवघड आहे. अमेरिकेत एका रब्बीचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मगुरूचं, नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं पॉइंट योजनेचं सदस्यत्व काढून घेतलं होतं. तो म्हणाला, मी तक्रारी फार करतो म्हणून काढलं. प्रकरण थेट तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2014 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. आपण 'माझे पॉइंट' म्हणतो, पण कागदावर ते कंपनीचेच असतात. तुम्हाला वापरू देतात, इतकंच.

पहिल्यांदा हा पॉइंटांचा धंदा मोठ्या प्रमाणावर अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 मध्ये सुरू केला. गिऱ्हाइक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये, हा त्यामागचा सरळ हिशेब. आपल्याकडे एअर इंडिया, जेट एअरवेज यांच्या अशा योजना होत्या, पण नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून आमच्या भागातले लोक बसतात ते जास्त करून इंडिगोत. आणि 2006 मध्ये सुरू झालेल्या इंडिगोनं कित्येक वर्षं अशी योजनाच ठेवली नव्हती. स्वस्त तिकीट घ्या आणि बसा. ब्लूचिप नावाची त्यांची योजना आली 2024 मध्ये. त्याच वर्षी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या क्लब विस्तारा या योजनेतले पॉइंट तिकडे गेले. म्हणून ही भानगड आमच्याकडे आत्ता आत्ता पोचली आहे.

आता आमच्या भागातलीच एक गोष्ट. नावं-गावं सांगत नाही. एका मावशीचे दोन मुलगे. मोठा हैदराबादला, धाकटा अमेरिकेत. मावशी धाकट्याकडे आखातामार्गे जाऊन आली, एकदा नाही, अनेकदा. तिकिटाचे पैसे दर वेळी धाकट्याचे. खातं मोठ्यानं उघडून दिलेलं. नाव मायचं, पण ईमेल त्याचा, मोबाईल नंबर त्याचा, पासवर्ड त्याला पाठ. पॉइंट भरपूर साचले आणि त्यावर मोठ्यानं बायको-लेकरं आणि सासरची मंडळी घेऊन मस्त ट्रिप केली. फेसबुकवर फोटो आले तेव्हा धाकट्याला कळलं. त्यानं रात्री मला फोन लावला. त्याच्याकडे सकाळ होती.

'भाऊ, पैसे मी भरले, पॉइंट त्यानं कसे वापरले?'

मी म्हटलं, 'पैसे तू भरले म्हणून तुझ्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट तुला मिळाले असतील. ते कार्डवाल्याचे असतात, ते वेगळे. विमानाचे पॉइंट तुझेही नाही अन् त्याचेही नाही.'

मोठा म्हणतो, खातं मी उघडलं, फॉर्म मी भरला, दोनदा पॉइंट जमा झाले नव्हते ते बोर्डिंग पासचे फोटो पाठवून मीच जमा करून घेतले. हेही खोटं नाही. राहिलेल्या पॉइंटांसाठी अर्ज करायची मुदत असते, बोर्डिंग पास जपून ठेवावा लागतो, आणि ही कटकट त्यानं केली होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात ना? मी मावशीला विचारलं. ती केंद्रावर दुसऱ्याच कामाला आली होती. म्हणाली, 'मले त कोनी सांगतलंच नाई बाप्पा, का माह्या नावानं काई जमा होऊन रायलं म्हून.'

एवढ्या लांबचा प्रवास तिनं केला, दोहा-दुबईच्या विमानतळावर रात्र बसून काढली, इमिग्रेशनच्या साहेबापुढे हातातला इंग्रजी कागद दाखवत उभी राहिली. आणि त्यातून जे काही साचलं त्यावर भांडण दोन भावांचं. तिचं नावच नाही त्यात.

'आपल्या घरात तुझं-माझं काही नसते' हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. चांगलं वाक्य आहे. फक्त ते नेहमी तोच बोलतो ज्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो.

दुसरं ऐकायला मिळते ते असं: 'मायले काय समजते त्यातलं?' तर ऐका. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीणचे महिन्याला 1,500 रुपये बायांच्या स्वतःच्या खात्यात पडू लागले. आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायांना हप्ता कधी पडला, कोणाचा अडकला, आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे, सगळं तोंडपाठ असते. बचत गटाचा हिशेब त्या ठेवतात. खातं आपलं आहे हे एकदा कळलं की बाकी सगळं समजते. विमानाच्या पॉइंटांचं तिला समजत नाही कारण तिला कोणी सांगितलंच नाही.

म्हणजे पॉइंट घरात वाटून वापरूच नये का? वाटा की. वाटायची सोय कंपन्यांनीच करून ठेवली आहे, पण ती पासवर्ड वाटून होत नाही. प्रत्येकानं आपलं खातं उघडायचं आणि मग ती खाती एका कुटुंबात जोडायची. एमिरेट्सच्या योजनेत कुटुंबातल्या आठ जणांना असं जोडता येतं, ब्रिटिश एअरवेजमध्ये एका घरातल्या सात जणांचं मिळून खातं उघडता येतं, अमेरिकेच्या युनायटेडनं 2024 मध्ये पाच जणांपर्यंत पॉइंट एकत्र करायची सोय दिली आणि त्यात नातं असण्याचीही अट नाही. बऱ्याच कंपन्यांत दोन वर्षांच्या वरचं लेकरूही, तिकीट असेल तर, पॉइंट कमावतं. मांडीवरचं नाही. म्हाताऱ्या सासूचे थोडे, सासऱ्याचे थोडे, लेकराचे थोडे, एकेकट्याचे कधी कामाला येणार नाहीत असे, एकत्र आले की एक तिकीट निघतं. हे फार चांगलं आहे आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो.

पण इथंही एक मेख आहे. एकत्र झालेल्या पॉइंटांचा एक प्रमुख असतो आणि खर्च साधारण त्याच्या हातानं होतो. पोरगा प्रमुख झाला की पुन्हा गाडी तिथंच. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यानं रेशनकार्डावर घरातल्या वयानं मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. मी रोज ती कार्डं पाहतो. पुरुषाचं नाव खाली गेलं म्हणून कोणाच्या घरची चूल विझली नाही. तर विमानाच्या खात्यातही मायलाच प्रमुख करा. ॲप चालवायला तुम्ही आहातच. खर्च करताना तिला विचारावं लागेल, एवढाच काय तो त्रास.

आणि विचारलं तर ती नाही म्हणणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. 'घे ना बाप्पा, मले काय करा लागते' असंच म्हणेल. ठीक आहे. पण बहुतेक कंपन्यांत स्वतःच्या पॉइंटांवर दुसऱ्याचं तिकीट काढता येतं, हे कळल्यावर त्या मावशीनं मला लगेच विचारलं, 'बहिनीचंबी निंगते का मंग?' बहीण पांढरकवड्याकडची, विमानात कधी बसली नाही. उरलेले पॉइंट मोजले तर एका माणसाच्या एकाच बाजूच्या तिकिटापुरते होते. वर कर आणि फी रोख भरावी लागते ती वेगळी. हैदराबादवाल्या मोठ्याच्या ट्रिपमध्ये गेले नसते तर दोघी जाऊन आल्या असत्या. यावर मी मोठ्याला काही बोललो नाही. तो आता ही पोस्ट वाचेलच.

जाता जाता सामानाचं. पोरगा कंपनीच्या कामानं फिरतो, त्याला गोल्ड कार्ड असतं, जास्तीचे किलो मिळतात. घरच्यांना वाटते की खातं जोडलं की मायलाही मिळतील. नाही मिळत. पॉइंट जोडता येतात, गोल्डचा दर्जा जोडता येत नाही, तो ज्याचा त्याचाच. पोरगा त्याच विमानात सोबत असेल तर काही ठिकाणी लाउंजमध्ये सोबत नेता येते. पण मायचे किलो वाढत नाहीत. त्यामुळे जवसाची चटणी, कुरड्या, मूगवड्या, तिखट-हळद भरलेली बॅग घरीच काट्यावर तोलून घ्या. सोनेगावच्या काउंटरवर बॅग उघडून कुरड्या जवायाच्या बॅगेत कोंबणारी माणसं मी पाहिली आहेत.

माणूस गेल्यावर पॉइंटांचं काय, हेही कोणी विचारत नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं. कुठं मृत्यू दाखला आणि कागदपत्रं पाहून वारसाला देतात, कुठं खातं त्याच दिवशी संपलं असं धरतात. नियमात वारसाचा हक्क लिहिलेला नसेल तर वारसान दाखला घेऊन कुठं जाणार? गेलेल्या बापाच्या पासवर्डनं लॉगिन करून तिकिटं काढणारे आहेत, पण ते नियमात बसत नाही, पकडलं गेलं तर काढलेलं तिकीटही रद्द होऊ शकतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे पॉइंट साचवत बसू नका, ती आहेत तोवर त्यांच्यासाठी वापरा. मुदतही असतेच. काही कंपन्यांत ठरावीक वर्षांनी पॉइंट संपतात, काहींत खात्यावर काही हालचाल झाली की मुदत पुढे सरकते.

खातं उघडायला केंद्रावर या, मी त्याचे पैसे घेत नाही. येताना पासपोर्ट आणा. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायचं, आधारवर आहे तसं नाही. आपल्याकडे बायांच्या नावात लग्नाआधीचं, नंतरचं, नवऱ्याचं, आडनावाचं इतकं इकडेतिकडे झालेलं असते की एका अक्षरानं पॉइंट अडकतात. मोबाईल नंबर मायचा द्या. अमेरिकेतल्या पोराचा दिला तर ओटीपी त्याच्या झोपेच्या वेळी जाईल आणि इथं आपण पाहत बसू. ईमेल नवीन काढून देतो, पासवर्ड कागदावर लिहून तिच्याच हातात देतो. तो कुठं ठेवायचा हे बायांना सांगावं लागत नाही.

आणि मायच्या नावावर पोरानं आधीच एक खातं उघडून ठेवलं असेल तर दुसरं उघडू नका. एका माणसाला एकच खातं असा नियम आहे. कंपनीला लिहून त्याच खात्यावरचा मोबाईल आणि ईमेल बदलून घ्यायचा. त्यासाठी जुन्या नंबरवर एक ओटीपी जातो, म्हणजे पोराला फोन लावून तो मागावा लागतो. तो फोन मायनं स्वतः लावावा. मी लावत नाही.